पेपर मोजणाऱ्यांना एका ग्रंथपालाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखा,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : आपल्या विद्याशाखेतलं संशोधन आणि सहलेखन कसं मोजावं, याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

मी तालुक्याच्या गावातल्या एका वाणिज्य महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे प्राध्यापकांची कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल तयार होते ती ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर, कारण झेरॉक्स आणि स्कॅनर तिथंच आहेत. कुणाचा निबंध कुठं छापून आला, त्या नियतकालिकाचा आयएसएसएन, म्हणजे ओळख क्रमांक, खरा की उचललेला, पहिलं नाव कुणाचं, हे सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. आपल्यासमोर ती फाईल येते तेव्हा तिला टॅग लागलेले असतात, अनुक्रमणिका चिकटवलेली असते, प्रत्येक पानावर प्राचार्यांचा शिक्का असतो. मी ती त्याआधीची, सुटी पानं पाहिलेली बाई आहे, एवढाच माझा अधिकार.

पत्र आत्ताच लिहायचं कारण असं. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची त्यांची यादी, बंद केल्याचं जाहीर केलं. कुठलं नियतकालिक चांगलं हे यापुढे दिल्लीहून ठरणार नाही, काही निकष सुचवले आहेत, त्यावरून संस्थांनी आपापली यंत्रणा उभारावी, असं आयोगाचं म्हणणं. बातमी आली त्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, मग आता कुठली यादी?’

माझी भीती अशी, की आपल्या बैठकीतही हाच प्रश्न पहिला येईल आणि आपण घाईघाईने एक नवी यादी काढून मोकळे व्हाल.

यादीचा आपला पूर्वानुभव आठवून पाहा. २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी आणली, तिच्यात एक भाग असा होता की विद्यापीठांनी स्वतः नावं सुचवायची. त्या भागाची छाननी पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच झाली. मार्च २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये तिचे निष्कर्ष आले. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून जास्त नियतकालिकं हलक्या दर्जाची निघाली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा आयएसएसएन चुकीचा, कुणी इम्पॅक्ट फॅक्टरच्या, म्हणजे नियतकालिकाला मिळणाऱ्या सरासरी उल्लेखांच्या, नावाखाली काहीही आकडा छापलेला. पुढे मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग केअर आली, तिचं काम पुण्याहूनच चालायचं. ती यादी आधीपेक्षा बरीच स्वच्छ होती, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. पण यादी स्वच्छ झाली तसे चोर हुशार झाले. चांगल्या, जुन्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक घेऊन हुबेहूब दुसरी वेबसाइट उभी करायची, आणि पैसे भरले की आठवड्यात निबंध छापायचा. क्लोन म्हणतात त्यांना. मला ते ओळखायला शिकावं लागलं, ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्याच पेपरात ते नव्हतं.

पहिल्या यादीतला सगळ्यात किडका कोपरा विद्यापीठांच्या शिफारशीचा होता, आणि आता पुन्हा शिफारस विद्यापीठांकडेच आली आहे. म्हणून हे पत्र आयोगाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

दोष देण्याआधी स्वतःचं सांगून टाकते. एका सहकाऱ्याची प्लेसमेंट, म्हणजे बढती, अडली होती, दोन निबंध कमी पडत होते आणि हातात महिनाच होता. मीच शोधून दिलं एक ‘लवकर छापणारं’ मासिक. फोन मी केला, पैसेही माझ्याच मोबाइलवरून गेले, कारण त्यांना ते जमत नव्हतं. निबंध ‘जीएसटीचा किरकोळ व्यापारावर परिणाम’ असा काहीसा होता. आमच्या बाजारपेठेत जाऊन एकाही दुकानदाराला त्यांनी काही विचारलं नव्हतं. दुकानं कॉलेजच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

ते गृहस्थ वाईट शिक्षक आहेत का? अजिबात नाहीत. अकाउंट्स त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस आसपासच्या चार कॉलेजांत नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास वर्गात उभं राहायचं असतं, वर परीक्षा, नॅकचं मूल्यांकन, प्रवेश आणि निवडणुकीची ड्युटी. आणि पुढे महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं तर किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण. आकडा पुरा करायचा असला की माणूस आकडाच पुरा करतो.

हे गुण कसे पडतात ते पाहिलं तर गंमत वाटेल. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतला तक्ता क्रमांक दोन काढा. वाणिज्य-व्यवस्थापनात एका निबंधाला १० गुण. एकट्याने लिहिला तर १० मिळतात. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७ आणि ७, मिळून १४. दोघांपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. तिघे असतील तर १३, चौघे असतील तर १६. सहा जणांनी मिळून एक निबंध लिहिला की त्या एका निबंधातून २२ गुण निघतात. काम तेवढंच, पानंही तेवढीच. तेरीज जुळली नाही तर आपण बीकॉमच्या पहिल्या वर्षाच्या पोराला खाली बसवतो, आणि इथे १० रुपयांचं नाणं सहा जणांत वाटल्यावर त्याचे २२ रुपये होतात, तरी वाणिज्य विद्याशाखेतून कुणी हूं की चूं केलं नाही.

याचा परिणाम आमच्या टेबलावर दिसतो. तू मला घे, मी तुला घेतो. चार मित्र, प्रत्येकाने एकेक निबंध लिहायचा आणि चारही निबंधांवर चौघांची नावं घालायची. वर कधी विभागप्रमुखांचं, कधी गाईडचं नाव, मान म्हणून. आणि मग आपण अहवालात लिहितो की विद्याशाखेत सहकार्य वाढलं आहे.

आमच्या शास्त्रात याला सूत्रही आहे. के. सुब्रमण्यम यांनी १९८३ मध्ये ‘सहकार्याची मात्रा’ मोजायची एक सोपी रीत दिली. एकापेक्षा जास्त लेखकांचे निबंध भागिले एकूण निबंध. शून्याच्या जवळ आलं तर सगळे एकेकटे लिहितात, एकाच्या जवळ आलं तर सगळे मिळून. ग्रंथालयशास्त्राचे किती प्रबंध या सूत्रावर उभे आहेत, विचारू नका. सूत्रात चूक काही नाही. पण ते नावं मोजतं, आणि नावं टाकायला पेनाच्या शाईपलीकडे काही लागत नाही.

याउलट एक प्रसंग सांगते. आमच्याच एका प्राध्यापिकेने नागरी पतसंस्थांच्या थकबाकीवर काम केलं. सहकार खात्याचे आकडे सगळ्यांनाच मिळतात, तिला हवं होतं ते आतलं. कर्ज थकीत होण्याआधी खात्यात काय काय हालचाल दिसते, ते. एका संस्थेचे निवृत्त व्यवस्थापक रोज दुपारी ग्रंथालयात यायचे. जुन्या खतावण्या उघडून ते तिला दाखवत, ‘हा माणूस हप्ता भरतोय असं दिसतं ना? हा हप्ता भरलाय जामीनदाराने. इथून पुढे हा गेला समजा.’ आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी तिला नमुना कसा निवडायचा ते बसून समजावलं. निबंध छापून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती, तिचं आणि तिच्या गाईडचं. गाईड एकदाच येऊन चहा घेऊन गेले होते. व्यवस्थापक आभारातही नव्हते, कारण नियतकालिकाने जागा नाही म्हणून आभार कापले.

या निबंधाची सहकार्याची मात्रा एक. आकडा बरोबर आला, पण भलत्याच माणसामुळे.

बरं, नावं तरी नीट मोजली जातात का? ‘एस. बी. पाटील’ या नावाने वाणिज्य विषयात लिहिणारे महाराष्ट्रात किती असतील? शोधयंत्राला ते सगळे एकच. कोल्हापूरच्या पाटलांचं काम जळगावच्या पाटलांच्या खात्यावर जमा. उलटंही होतं. माझे स्वतःचे दोन निबंध माहेरच्या नावाने आहेत, पुढचे सासरच्या. कुठल्याही यंत्राला विचारा, मी दोन बायका आहे, आणि दोघींचंही काम यथातथाच. बायकांच्या बाबतीत हे सर्रास होतं, आणि प्लेसमेंटच्या वेळी लग्नाचा दाखला, गॅझेट, प्रतिज्ञापत्र असं जोडत बसावं लागतं. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून फुकट मिळतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. विद्यापीठाने एका परिपत्रकाने तो सक्तीचा केला तर हा घोळ बराचसा मिटेल. पैसा लागत नाही, समिती लागत नाही.

नावाची आणखी एक खोच. अर्थशास्त्रात आणि वित्त विषयात जगभर बऱ्याच ठिकाणी सहलेखकांची नावं वर्णानुक्रमे लावतात, कुणी जास्त काम केलं त्यावरून नाही. आपला तक्ता मात्र पहिल्या नावाला ७० टक्के देतो. म्हणजे इंग्रजी अकारविल्हेप्रमाणे अभ्यंकर कायम ७० टक्क्यांत आणि यादव कायम ३० टक्क्यांत. हसण्यावारी नेऊ नका. लिरान आयनाव आणि लीआत यारिव्ह या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्र विभागांचा अभ्यास केला. आडनावाचं अक्षर वर्णमालेत जितकं आधी, तितकी कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त, असं त्यांना आढळलं. दोघांपैकी कुणाचं नाव पहिलं लागतं, तेही पाहून ठेवा.

अल्फ्रेड लोटका नावाच्या माणसाने १९२६ मध्ये एक साधी मोजणी केली होती. रसायनशास्त्राच्या एका सारसूचीतले लेखक घेतले, तेही फक्त ए आणि बी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आडनावांचे, आणि कुणी किती निबंध लिहिले ते मोजलं. एकच निबंध लिहिणारे सुमारे ६० टक्के निघाले. दोन लिहिणारे त्यांच्या चौथा हिस्सा, तीन लिहिणारे नववा हिस्सा, असं उतरत जातं. संशोधन आपल्या चालीने चालतं तेव्हा त्याचा उतार असा असतो. बहुतेक लोक एकदा काहीतरी सांगतात आणि थांबतात, थोडे पुन्हा पुन्हा सांगत राहतात. माझ्या टेबलावरच्या फायलींत हा उतार दिसत नाही. तिथे उंबरठ्यापाशी गर्दी दिसते. नियमाला जितके लागतात तितके किंवा एखाद-दुसरा जास्त, आणि बढती झाली की शांतता. विद्यापीठाकडे सगळ्या फायलींचे आकडे आहेत. एकदा आलेख काढून बघा. एमकॉमच्या मुलांना प्रकल्प म्हणून दिला तरी होईल.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर भरपूर लिहून झालं आहे. हा आकडा मुळात नियतकालिकं निवडायला होता. यूजीन गारफील्डने तो आणला आणि कुठलं नियतकालिक घ्यावं हे ठरवायला आम्हा ग्रंथपालांना त्याचा उपयोग झाला. त्यातल्या एका निबंधाची किंवा तो लिहिणाऱ्या माणसाची किंमत त्यावरून लावायची कल्पना नंतरची. गेल्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढंच तो सांगतो. कारखानदारी, सहकार, कर यांवरच्या कामाला दोन वर्षांत कोण उल्लेख देणार? आणि आपला २०१८ चा तक्ता म्हणतो की हा आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीवरून घ्यावा. थॉमसन रॉयटर्सने तो सगळा व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता, तेव्हापासून तो क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. दुकान विकलं गेल्यावर दोन वर्षांनी आपण जुन्या मालकाच्या नावाने पावती मागतो आहोत. फायलीत मात्र कुठून कुठून इम्पॅक्ट फॅक्टर छापलेली प्रमाणपत्रं येतात, आणि तपासणारे त्यावर टिक करतात.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, आपली यादी किडते तर बाहेरची घेऊ. ‘फायनान्शियल टाइम्स’ची ५० नियतकालिकांची, डॅलसमधल्या टेक्सास विद्यापीठाची २४ ची, नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या अधिष्ठात्यांच्या परिषदेची, अ-तारांकित, अ, ब, क अशी. आयआयएममध्ये या याद्या चालतात, तिथे त्यांना अर्थही आहे. पण ‘फायनान्शियल टाइम्स’च्या ५० मध्ये भारतातून निघणारं एकही नियतकालिक नाही. ती फूटपट्टी आमच्या गावात आणली तर इचलकरंजीचे यंत्रमाग, लासलगावचा कांदा, बाजार समितीतली अडत, बचत गटांचं कर्ज, हे विषय लिहायचेच नाहीत, नाहीतर परक्या संपादकाला रुचतील असे पिळून लिहायचे. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस काढली तेव्हा आपल्या प्रत्येक एमबीएच्या वर्गात ती गेली. बाहेरच्याने पाहिलं ते चांगलंच झालं. पण डबे तर आपल्याच दारावरून जात होते. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात संशोधन मोजणाऱ्यांसाठी दहा तत्त्वं आहेत, त्यातलं एक स्थानिक दृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनाला जपण्याबद्दल आहे. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’मधला मराठी लेख आपण कुठल्या रकान्यात धरणार, हे परिपत्रकात स्पष्ट लिहा. आयोगाच्या नव्या विनियमांच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात तर गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ प्रकारच्या उल्लेखनीय योगदानांची कल्पना आहे, आणि भारतीय भाषांमधलं अध्यापनही त्यात येतं. तेव्हा मराठीला अगदीच कोपऱ्यात बसवायचं कारण उरलेलं नाही.

मला राहून राहून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आठवतात. गोखले संस्थेत त्यांनी पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं. घरोघर जाऊन माहिती गोळा करणारे अनेक हात त्यामागे होते. पहिला खंड १९४५ मध्ये आला, दुसरा १९५२ मध्ये. मधल्या सात वर्षांत आजच्या आयक्यूएसी (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) समन्वयकाने त्यांना किती स्मरणपत्रं पाठवली असती? आणि खंड हाती आल्यावर आजच्या तक्त्यात त्याला राष्ट्रीय प्रकाशकाचं पुस्तक म्हणून १० गुण. आमच्या त्या जीएसटीच्या निबंधालाही १०. (त्यांना पुस्तकाचे १० तरी पूर्ण मिळाले असते की सर्वेक्षकांत वाटले गेले असते, हा आणखी वेगळा घोळ.)

एवढं सगळं बोलून ‘मोजूच नका’ असं मी म्हणणार नाही. मोजण्यावरच माझं पोट आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडातल्या परिषदेत ‘लायब्रामेट्री’ (ग्रंथालयाचं मोजमाप) हा शब्द मांडला, त्या वाटेवरची मी एक शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी. आणि आकडा गेला की ओळखीपाळखीचं राज्य येतं, हेही आम्ही जुन्या मुलाखतींच्या कथांमधून ऐकून आहोत. ज्याच्या मागे संस्थाचालक नाही अशा माणसाला तक्त्याने कधी कधी वाचवलं आहे, हे मला माहीत आहे.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. माणसाला दहा निबंधांची यादी मागा हवं तर, पण त्यातले त्याच्या मते चांगले तीन त्याला निवडू द्या, आणि समितीने ते तीन वाचावेत. प्रत्येकासोबत त्याने एक पान लिहून द्यावं, मराठीत चालेल. मी काय शोधलं, आकडे कुठून आणले, माझ्यासोबत कुणी काय काम केलं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. जगात याची तयार चौकट आहे, क्रेडिट नावाची, तिच्यात चौदा भूमिका आहेत, कल्पना कुणाची, माहिती कुणी गोळा केली, विश्लेषण कुणी केलं, मसुदा कुणी लिहिला, पैसा कुणी आणला, अशा. त्या चौदातून आपल्याला लागतील त्या घ्या. ज्या नावापुढे एकही भूमिका लिहिता येत नाही, ते नाव आपोआप उघडं पडतं. आणि पतसंस्थेच्या त्या व्यवस्थापकांसारख्या माणसाला निदान त्या पानावर तरी जागा मिळते. गुणांचं वाटप करायचंच असेल तर असं करा की सगळ्यांचे मिळून १० च होतील. एवढी बेरीज वाणिज्य विद्याशाखेने जुळवायला हवी.

‘वाचायला वेळ कुणाला आहे?’ हे मला लगेच ऐकू येतं. आमच्याकडे समिती येते तेव्हा मी खोलीबाहेर असते, चहा आत पाठवायला. सकाळी अकराला तज्ज्ञ येतात, जेवणापर्यंत सहा फायली होतात. टॅग उलटतात, प्रमाणपत्राच्या प्रती मोजतात, इंडेक्सशी ताडून पाहतात. निबंधाचं पहिलं पान असतं, आतली पानं बहुतेक फायलींत जोडलेलीच नसतात, कारण ती कुणी मागत नाही. पुढची समिती लावाल तेव्हा एवढंच करा, ते तीन निबंध तज्ज्ञांना पंधरा दिवस आधी ईमेलने पाठवायला सांगा, पूर्ण पानांसकट. आमच्या कॉलेजातले मी स्कॅन करून देईन. त्या प्राध्यापिकेचा पतसंस्थांवरचा निबंध माझ्याकडे आहेच, व्यवस्थापकांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या खतावण्यांच्या झेरॉक्सही एका पाकिटात जपून ठेवल्या आहेत. हव्या असतील तर त्याही पाठवते.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल